बांधावरचा दिवस

सून माहेरी धाडली तर सारजाबाईचा फायदा चार बाजूंनी होता, आणि चारही बाजू तिने दारात बसून, तांदूळ निवडता निवडता पाखडून पाहिल्या होत्या. पहिली, घरातलं एक तोंड कमी. तेही असं, की त्याच्यापुढे वाढलेली भाकर जशीच्या तशी परत यायची. दुसरी, वाडीची तोंडं बंद. महिनाभर पाणवठ्यावर दुसरा विषयच नव्हता. तिसरी, नातू घरातच राहणार, कारण पोर बापाचं. त्यात उर्सेकर व्याही काही बोलू शकणार नव्हते. आणि चौथी, नाणे मावळात एका घरी हाडापेराने थोराड मुलगी होती, दिवसाला दोघींची आवणी एकटी ओढणारी. काडीमोड झाली की ती सारजाबाईच्या लेकाला, बुधाला द्यायला तिचा बाप एका पायावर तयार होता.

तोट्याच्या बाजूला तिला काही सापडत नव्हतं. सापडत नव्हतं म्हणूनच ती जरा अस्वस्थ होती. ज्या व्यवहारात तोटाच दिसत नाही, त्यात आपण काहीतरी मोजायचं विसरलो आहोत, एवढं तिला कळत होतं.

करंजवाडी कान्ह्याच्या वर, डोंगराला चिकटलेली, चोवीस उंबऱ्यांची. पानशेत फुटल्याला तेव्हा दोन वर्षं होत होती. वाडीत पैसा फारसा फिरत नसे. फिरत ते दिवस. भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची, आणि पंधरा-वीस दिवसांत ती उरकली नाही तर वर्ष गेलं. एका घराच्या हातांनी ते होत नाही. म्हणून सावड. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस, बाईला बाई. आणि या सावडीची चोपडी म्हणजे सारजाबाईच्या घराचा कुड, कारवीची भिंत. चुन्यात बोट बुडवून ती शेणाने सारवलेल्या कुडावर टेकवायची. दाराच्या डावीकडे आपण कुणाकडे गेलो ते दिवस, उजवीकडे कोण आपल्याकडे आलं ते. फिटलं की विळ्याच्या टोकाने बोट खरवडून टाकायचं. तिला लिहिता येत नव्हतं, पण वाडीत कुणाचं भांडण झालं तर दोन्ही बाजू तिच्या कुडापुढे येऊन उभ्या राहत, आणि कुड सांगेल ते खरं मानून परत जात.

तिचा एक कायदा कडक होता. चिखलात उतरेल तिचाच दिवस. बांधावर झोळ्यांपाशी बसून दुसऱ्यांची पोरं राखणारीचं बोट उमटत नसे. "बसल्या बाईचा दिस न्हाई," ती म्हणायची. "बसायला काय, दगुडबी बसतो."

आणि एक तिची खोड होती, तिच्यावर वाडी हसायची. पाटा घरात, चुलीशेजारी. वरवंटा मात्र बाहेर, पडवीच्या कोपऱ्यात, घोंगडीच्या तुकड्याखाली. मिरची वाटायची तर रोज तो आत आणायचा, धुवायचा आणि परत बाहेर. का, ते तिने कधी सांगितलं नाही. शेजारची लीलाबाई म्हणायची, "आमी चार दिस बाहेर बसतो, सारजाबाईचा वरवंटा बारा म्हयनं बाहेर बसलाय."

गंगी जेठात बाळंत झाली. मुलगा. पुतळाबाईने नाळ कापली, पाचवीला सटवाई पुजली, बाराव्याला बारसं. इथवर सारजाबाईचं गणित अचूक होतं. सव्वा महिना संपतो कधी, तर आषाढाच्या तोंडाला. आणि आवणी लागते कधी, तर तेव्हाच. गंगी वाडीतली सगळ्यांत वेगाची आवणकरीण. सुनेने मुहूर्त साधला म्हणून सासूने आतल्या आत तिला शाबासकीही दिली होती.

पण बारशानंतर गंगी काही माणसांत राहिली नाही. झोपेना. पोर झोपलं तरी ही आढ्याकडे बघत पडलेली. डिंकाचा लाडू हातात तसाच, मुंग्या लागेपर्यंत. विचारलं तर डोळ्यांतून पाणी, आणि कशाचं म्हणावं तर ते तिलाच सांगता येईना. सगळ्यांत वाईट म्हणजे पोर रडायला लागलं, की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. घ्यायची नाही. सारजाबाईने उचलून तिच्या मांडीवर ठेवलं तर पाजायची, पण तोंड फिरवून, आणि झालं की लगेच, "घ्या आत्या, घ्या."

"सून बाळंतीण हाय तुजी का पाटलीण?" लीलाबाईने पाणवठ्यावर विचारलं. "पोर तू धुतीस, धुणं तू धुतीस. तीच तुजी सासू दिसती मला."

"तुज्या घरी दोन सुना हायेत, लीले," सारजाबाई म्हणाली, "आन् पानी भरायला तूच आलीस. माजं काय इचारतीस?"

उत्तर तिथं दिलं, पण टोचलेलं घरी बरोबर आलं. तिने भगताला बोलावलं. शिदू भगत आला, उदी फुंकली, गंगीच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "बाहेरचं हाय. काळा कोंबडा लागंल."

"काळा न्हाई. चितकबरा हाय."

"काळाच लागतो, सारजाबाई."

"त्या हडळीला उजेडात दिसतं व्हय? मंग रंग कसा कळंल तिला?"

शिदूने विचार केला आणि चितकबरा घेऊन गेला. गंगीत रतीभर फरक पडला नाही. कोंबडा तेवढा शिजला.

सव्वा महिना संपला तसं सारजाबाईने ठरवलं, कामाला लागली की येईल ताळ्यावर. लीलाबाईच्या खाचरात पहिली सावड होती. पाठीवर इरली घेऊन बायका ओळीने वाकल्या. झोळी बांधावरच्या उंबराला टांगली. गंगी चिखलात उतरली, रोपांची मूठ हातात घेतली, आणि उभी राहिली. नुसती उभी. दोन्ही बाजूंच्या बाया पुढे सरकल्या, मध्ये तिच्या वाट्याची पट्टी रिकामी. पोर रडलं. ती हलली नाही. मग मूठ हळूच पाण्यावर ठेवली, जशी कुणी देवापुढे ठेवावी, आणि खाचरातून निघून पायवाटेला लागली.

सारजाबाईने तिला विहिरीच्या वाटेवर गाठलं. विहीर अजून पन्नास पावलं होती. गंगी एका दगडावर बसली होती, हात मांड्यांखाली.

"काय गं? काय मांडलंयस हे? चार मान्सांत माजं नाक कापायला निगालीस?"

गंगी खाली बघतच म्हणाली, "आत्या, मला त्याच्याजवळ ठिऊ नका. माज्या हातनं कायतरी हुईल त्याला."

त्या एका वाक्यावर सारजाबाईने सगळी बेरीज मारली. नातवाच्या जिवापुढे आता इकडचं-तिकडचं काही उरलं नाही. मुलगी उर्स्याला गेलीच पाहिजे, पोर शेळीच्या दुधावर जगेल. रविवारी बुधा आला. तो रेल्वेत गँगमन, आठवडाभर खंडाळ्याच्या घाटात रुळावर, रविवारी घरी. तिने त्याला निकाल सांगितला.

"पुढल्या आयतवारी तिच्या बापाला बोलीव. कान्हूभाऊ येऊन घिऊन जाईल. पोर ठिवायचं."

"तू म्हनशील तसं, आये," बुधा म्हणाला. जेवणावरून उठला, घरामागे गेला आणि बराच वेळ तिकडेच लाकडं फोडत राहिला. ओली लाकडं. आषाढात ओली लाकडं कोण फोडतं, हे सारजाबाईला कळलं, पण ते तिने कुठल्याच बाजूला मांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई काठी टेकत आली. सत्तरीची बाई, वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. घरात आली नाही. दारातच उभी राहून कुडाकडे पाहू लागली.

"सारजे, माजी बोटं किती हायेत गं हितं?"

"तुमची? तुमचं माजं फिटलंय, मावशी. गेल्या सुगीला दोन दिस व्हतं, झोडणीला येऊन फेडलं मी. एका दिसाचं देनं ठिवत न्हाई मी कुनाचं, ठावं हाय तुमाला."

"मोज बरं पुन्यांदा."

"न्हाईत तर काय मोजू?"

"चार विसा दिस हायेत माजं तुज्याकडं," पुतळाबाई म्हणाली. "ते मागाया आले."

सारजाबाई हसली. चार विसा म्हणजे ऐंशी. ऐंशी दिवसांची सावड वाडीच्या इतिहासात कुणी कुणाची ठेवली नव्हती. "म्हाताऱ्या झालात, मावशी. कंच्या सालची?"

"बुधा झाला त्या सालची."

"बुधा झाला तवा मला हिवताप व्हता. कुनाच्या खाचरात गेले न्हाई, कुनी माज्यात आलं न्हाई."

"हिवताप तुज्या सासूनं लोकांना सांगितला. अंग गार व्हतं तुजं, सारजे." म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उंबऱ्यावर टेकली. "तू चुलीम्होरं बसायचीस, कुडाला डोकं लावून. पोराला घ्यायची न्हाईस. पदराचं टोक मनगटाला गुंडाळायचीस, सुटू नये म्हून गाठ मारायचीस. मी सोडलेली हाय ती गाठ. तुजी सासू तुला घाटाखाली माहेरी धाडाया निगाली व्हती, गाडी सांगितली व्हती. मी म्हनलं, थांबा. मंग मी बसले तुज्याजवळ, चार विसा दिस. माज्या सुनेनं बुधाला पाजलं. तुज्या चुलतसासूनं पानी वाहिलं. आमच्या आवणीला उशीर झाला, तांबेरा पडला, पन बसलो."

सारजाबाईच्या मांडीवरचं सूप तिरकं झालं आणि तांदूळ घरंगळले. तिने ते गोळा केले नाहीत.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"तू बरी झालीस. बऱ्या मान्साला कुनी येनं मागतं व्हय?"

"पन ते सावडीत धरत न्हाईत, मावशी. बसल्या बाईचा दिस न्हाई. कायदाच हाय."

"कायदा तुजाच हाय, म्हून तर तुज्याकडं आले. जिवाजवळ बसल्याला दिस धरायचा का न्हाई, त्ये तू सांग. न्हाई म्हनलीस तर मी उठून जाते, माजं येनं बुडालं. धरायचा म्हनलीस तर चार विसा दिस काढ. मला नगंत. जसलं काम तसलीच फेड, ह्योबी कायदा तुजाच."

म्हातारी काठी आपटत निघून गेली. उत्तरासाठी थांबली नाही. उत्तर काय येणार याची तिला खात्री असावी. नाहीतर सत्तरीत चढ चढून ती आली नसती.

सारजाबाई उठली. पडवीत गेली, घोंगडीचा तुकडा बाजूला केला आणि वरवंट्याकडे पाहत उभी राहिली. सव्वीस वर्षं. तिने तो बाहेर का ठेवला होता ते तिला कायमच माहीत होतं, पण जगाला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्यालाही ठाऊक नाही असं धरून चालायची तिची सवय होती. बुधा तान्हा असताना पाट्याजवळ निजलेला असायचा. वरवंटा दिसला की तिच्या डोक्यात एक विचार यायचा, आणि तो आला की ती आपलेच हात बांधून ठेवायची.

ती आत गेली. गंगी कोपऱ्यात बसली होती. पोर झोळीत. सारजाबाई तिच्या समोर नाही, शेजारी बसली, कुडाला पाठ लावून.

"कशाचं भ्या वाटतं तुला? इळीचं?"

गंगीने मान हलवली. नाही.

"मंग?"

"हिरीचं. पोराला घिऊन तिकडं गेले तर... असं येतं मनात. मी न्हाई आनत, आत्या, आपलंआपून येतं. मी लय वंगाळ हाय."

"मला वरवंट्याचं वाटायचं," सारजाबाई म्हणाली.

गंगीने पहिल्यांदा मान वर केली. कितीतरी दिवसांत तिने कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"ह्योच तो बाहेरचा?"

"ह्योच."

"मंग काय झालं?"

"मंग काय? बुधा झाला सव्वीस वर्साचा, ताडासारखा. आन् मी हितं बसलीय तुज्यासंगं, चांगली धडधाकट, जिभंला धार. आलं तसं गेलं बग ते. पन एकटीनं न्हाई घालिवलं मी. मला वाटायचं एकटीनंच घालिवलं." तिने झोळीला झोका दिला. "तू उर्स्याला न्हाई जायची."

गंगी रडली. ते रडणं महिनाभराच्या रडण्यासारखं नव्हतं. याला आवाज होता.

मंगळवारी कान्ह्याच्या शाळेच्या ओसरीत उम्मेहानी नर्सबाई देवी टोचायला वडगावहून यायच्या. बांगड्या भरणाऱ्या बद्रुद्दीनची ही लेक; बापाने मावळातल्या अर्ध्या बायकांचे हात दाबून चुडे चढवलेले, त्यामुळे लेकीपुढे दंड पुढे करायला कुणी लाजत नसे. सारजाबाई सुनेला, नातवाला आणि पुतळाबाईला घेऊन खाली उतरली. नर्सबाईंनी बाकीच्या बायकांना बाजूला घालवलं, गंगीशी अर्धा तास हळू आवाजात बोलल्या, पापण्या खाली ओढून पाहिल्या, नाडी धरली.

"आळस नाही आणि बाहेरचंही नाही," त्या सारजाबाईला म्हणाल्या. "बाळंतपणानंतर अंगाला ताप येतो की नाही? तसा मनालाही येतो. तिने तुम्हाला भीती सांगितली, हे फार चांगलं केलं. पोराची काळजी आहे म्हणूनच भीती वाटते तिला."

"किती दिसात उतरंल?"

"तारीख नाही सांगता येत, बाई. पण उतरतो. मी पाहिल्यात बऱ्या झालेल्या."

"आन् न्हाई उतरला तर?"

"मला कळवायचं. मी स्वतः पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन जाईन. दर मंगळवारी मला ती दिसली पाहिजे. पण तोवर दोन गोष्टी तुमच्याकडे. एक, तिला एकटं सोडायचं नाही, आणि पोर तिच्या एकटीवर टाकायचं नाही. दुसरी, रात्री सलग झोप. मी लोहाच्या गोळ्या देते, पण झोपेची गोळी म्हणजे तुम्ही. आणि टोमणे बंद."

"माजं टोमनं का वाडीचं?"

"दोन्ही."

"माजं बंद करीन," सारजाबाई म्हणाली. "वाडीचं सांगू नका, वाडीला तोंड हाय आन् कान न्हाईत."

रात्री तिने स्वतःकडे घेतल्या. पोर तिच्या मांडीवर; एकदा पाजायला गंगीला उठवायची, बाकी शेळीचं दूध उकळून, पाणी घालून, नर्सबाईंनी सांगितलं तसं. पण दिवसाचं काय? ऐन आवणी. ती सावडीला गेली नाही तर तिच्या खाचरात कोण येणार? आणि कामाच्या दिवसात वाडीतली कुठली बाई दुसऱ्याच्या सुनेजवळ नुसती बसायला येईल? धर्म म्हणून एखादी येईल, दोन दिवस. धर्माला तिसरा दिवस नसतो, हे सारजाबाईला पक्कं ठाऊक होतं. हिशेबाला मात्र असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या तेव्हा ती उभी राहिली.

"ऐका गं. आजपास्नं जी माज्या गंगीजवळ अर्धा दिस बसंल, तिचा पुरा दिस कुडावर. माजं देनं. मी तुमच्या चिखलात उतरून फेडीन."

भाकरीचे घास थांबले. मग लीलाबाई म्हणाली, "बसल्या बाईचा दिस? सारजाबाई, ताप चढला का तुला?"

"माजा सव्वीस वर्सांमागं उतरला. आता सुनंचा उतरवायचाय."

"काय झालतं तुला?"

आणि सारजाबाईने सांगितलं. चिखलाचे पाय सोडून बसलेल्या पंधरा-सोळा बायकांपुढे, भाकरी हातात धरून, तिने वरवंट्याची गोष्ट सांगितली. जशी देण्याघेण्याची गोष्ट सांगावी तशी, कोरड्या आवाजात, काही न गाळता. कुणी हसलं नाही.

"म्हून बाहेर बसतो व्हय तो," लीलाबाई म्हणाली. मग बराच वेळ भाकरीचा तुकडा चिवडत राहिली. "माज्या दुसऱ्या खेपंला... मी पोरीला पाठीशी बांधायचे. म्होरं न्हाई. तोंड दिसू नये म्हून. धा म्हयनं. आईलाबी सांगितलं न्हाई." आणि लगेच सावरून, "उंद्या मी येते बसायला. तसंबी कंबर मोडलीया माजी. पन पुरा दिस हां, सारजाबाई! नंतर अर्धं बोट पुसशील तर कुड पाडीन तुजा."

लीलाबाई आली. बसली, बडबडली, गंगीच्या डोक्याला तेल चोपडलं, आपल्या दोन्ही सुनांची यथेच्छ निंदा केली आणि तेवढ्यात पोराला न्हाऊ घालून गंगीच्या हातांवर ठेवलं, खाली आपले हात लावून. "हात माजेच हायेत. तू नुसती वरनं धर." रोज एक नवी येत होती. येणारी काही ना काही आणायची, कुणी नाचणीची आंबील, कुणी नुसत्या गप्पा. आणि जी बसायची ती उठताना आपलंही काहीतरी ठेवून जायची. एकीला चुलीचं भय वाटायचं. एक बाळंतपणानंतर वर्षभर नवऱ्याशी बोलली नव्हती आणि नवऱ्याला ते कळलंही नव्हतं. संध्याकाळी सारजाबाई बोट टेकवताना हेही मनात मांडायची. श्रावण लागेपर्यंत आकडा नऊवर गेला. चोवीस उंबऱ्यांत नऊ. आणि प्रत्येकीला वाटत होतं, वाडीत आपण एकटीच.

मध्ये तो रविवार आला. कान्हूभाऊ उर्स्याहून आला, लेकीला न्यायला, तोंड पाडून, खाली मान घालून. निरोप मागे घ्यायचं सारजाबाई विसरली होती. निदान ती तसं म्हणाली.

"या, भाऊ. जेवा. मंग इरलं घ्या."

"इरलं? कशापायी?"

"आलायसा न्यायला, न्यायचं तर काय न्हाई. मोकळ्या हातानं कशापायी जाता? लीलाबाईचं खाचर ऱ्हायलंय. तुमच्या लेकीचं देनं हाय."

कान्हूभाऊने लेकीकडे पाहिलं. गंगी पोराला मांडीवर घेऊन दारात बसली होती. शेजारी बसलेली बाई होती, पण हात गंगीचे होते. त्याने डोक्याचं मुंडासं सोडून डोळे पुसले, पुन्हा बांधलं आणि इरलं घेऊन चिखलात उतरला. व्याह्याला आवणीला लावलं म्हणून वाडी आठ दिवस हसली. कान्हूभाऊही हसला असावा, कारण पुढल्या वेळी तो स्वतःचं इरलं घेऊन आला.

सगळं सरळ झालं असं नाही. नागपंचमीच्या आसपास गंगी पुन्हा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. सारजाबाईचं धाबं दणाणलं. मंगळवारची वाट न पाहता ती वडगावला जाऊन नर्सबाईंना घेऊन आली. "चढउतार असतो," नर्सबाई म्हणाल्या आणि तीन दिवस संध्याकाळी डोंगर चढून आल्या. चौथ्या दिवशी गंगी उठली. पाचव्या दिवशी बांधावर येऊन बसली आणि बेणणी करणाऱ्या, खाचरातलं तण उपटणाऱ्या सासूला म्हणाली, "आत्या, तुमची वळ वाकडी लागलीया. नागासारकी गेलीया पार कडंपातुर."

सारजाबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. ओळ वाकडी होती, हे तिला आवणीच्या दिवसापासून दिसत होतं. "आता सांगतीस, रोपं ढोपराएवढी झाल्यावर?" ती ओरडली. बायकांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या आनंदाने शिव्या देताना तिला कुणी ऐकलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास रात्रींच्या चार विसा पुऱ्या झाल्या. सारजाबाईने पुतळाबाईला बोलावलं, दारात बसवलं आणि कुडावर ऐंशी बोटं टेकवली, चार ओळींत. मग विळा तिच्या हातात दिला. म्हातारीने एकेक बोट खरवडलं नाही. एकदाच विळा आडवा फिरवला. "फिटलं," ती म्हणाली. मग पडवीच्या कोपऱ्याकडे काठीने दाखवून, "त्यो कवा आत येनार?"

"तिच्या मर्जीनं."

गंगी पोराला कडेवर घेऊन उठली, रिकाम्या हाताने वरवंटा उचलला, आत नेला आणि पाट्यावर ठेवला. त्या रात्री मिरची तिनेच वाटली. पोर शेजारी, गोधडीवर, मुठी चोखत.

राहिली बायकांची बाकी. कुडावर एकूण चौतीस बोटं उमटली होती, बसल्या बायकांची, वाडीत आजवर न उमटलेली. दिवाळीनंतर कापणी झोडणी झाली आणि ती एकेक करून उतरली. एकोणीस सारजाबाईने भरली; तिची कंबर त्या साली जी धरली ती कायमची. अकरा गंगीने स्वतः भरली, विळा चालवून, पोर बांधावर लीलाबाईजवळ ठेवून, आणि लीलाबाईने तो दिवसही मागून घेतला. तीन बुधाने, तीन रविवारांची सुट्टी मोडून. एक कान्हूभाऊने, आषाढातच. नर्सबाईंच्या डोंगर चढण्याचं काय धरायचं ते ठरेना. त्यांच्या नावाची ओळ सारजाबाईने काढून ठेवली आणि दर सुगीला तांदळाची पिशवी वडगावला पोचवूनही कधी खरवडली नाही. नाणे मावळातली थोराड मुलगी दुसऱ्या कुणाच्या खाचरात गेली, सुखी असेल. तेव्हापासून करंजवाडीत बाळंतिणीजवळ बसणारीचा पुरा दिवस धरतात.

तेव्हा ज्याने दिलं त्याचं, आज ना उद्या, फिरून आलं. भरून दिलं आणि परत काहीच मिळालं नाही असा त्या हिशेबात एकच निघाला, तो चितकबरा कोंबडा.